चषक आला, आता या पोरांचं पुढं काय करू?

पत्र:

नमस्कार,

मी कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये खेळाचा शिक्षक आहे, फुटबॉलची टीम मीच बघतो. यंदा आमच्या पोरांनी शहरातल्या आंतरशालेय स्पर्धेत १७ वर्षांखालचं विजेतेपद मारलं, फायनल टायब्रेकरवर गेली आणि आमच्या गोलीनं दोन पेनल्टी अडवल्या. शाळेला बऱ्याच वर्षांनी कप आलाय. टीम एकदम कोवळी आहे, बहुतेक पोरं नववीतली, दोघं तर आठवीतली. पुढं विभागीयला मात्र पहिल्याच मॅचला ३-० हरलो. आता हेडसर आणि संस्थेचे लोक म्हणतात हीच टीम पुढच्या वर्षी पण आहे, तर राज्य जिंकून सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेला, दिल्लीला गेलंच पाहिजे. पण मला पोरं हातात राहतील असं वाटत नाही. आमचा नऊ नंबर, म्हणजे पुढं खेळणारा स्ट्रायकर, अंगानं दांडगा आहे, स्पर्धेतले निम्म्याहून जास्त गोल त्याचेच, त्याला एका तालमीनं (इथं पेठांच्या तालमींच्याच फुटबॉल टीम असतात) सिनियर टीमसाठी विचारलंय. त्याचा गुडघा दुखतोय, तो सांगत नाही, त्याच्या आईनं मला सांगितलं. दुसऱ्या एकाच्या वडलांना फोन आला की साडेतीन लाख भरा, स्पेनला ट्रायल करून देतो, आणि ते कर्ज काढायच्या विचारात आहेत. तिघांच्या घरचे म्हणतात दहावी आली, आता खेळ बंद. पेठेतली मंडळी सत्कारासाठी वर्गणी काढतायत. मी या पोरांचं नेमकं काय करू? आणि ही टीम पुढच्या वर्षी राज्याला जाईल का?

एक क्रीडा शिक्षक, कोल्हापूर

उत्तर:

सर, नमस्कार आणि आधी तुमचं, त्या गोलीचं आणि सगळ्या पोरांचं मनापासून अभिनंदन. कोल्हापुरात शाळेचा कप जिंकणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, जिथं शाहू स्टेडियमवर तालमीच्या मॅचला गॅलरी फुल होते, जिथं घरातली आजीसुद्धा पाटाकडील तालमीची का खंडोबा तालमीची ते ठरलेलं असतं, तिथं नववीतल्या पोरांनी वयानं मोठ्या पोरांना हरवून कप आणला ही साधी गोष्ट नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. ही टीम पुढच्या वर्षी राज्याला जाईल का, ते मला सांगता येणार नाही आणि खरं सांगायचं तर तुम्हीही तो प्रश्न डोक्यात घेऊन वर्ष काढू नका असं मला वाटतं. तुम्ही तुमच्यापुरतं एकच ठरवा, की यातली जास्तीत जास्त पोरं १८ वर्षांची होतील तेव्हा फुटबॉल खेळत असली पाहिजेत, गुडघे धड असले पाहिजेत आणि शाळा पूर्ण झालेली असली पाहिजे. राज्याला गेलो तर गेलो, चांगलंच आहे. पण ही दोन ध्येयं तुम्हाला वर्षभरात दहा वेळा वेगवेगळ्या दिशेनं ओढतील आणि तेव्हा कुठल्या बाजूला जायचं ते आत्ताच ठरलेलं असलं की बरं पडतं. खाली मी जे काही लिहितोय ते सगळं याच हिशोबानं लिहितोय.

तुमच्या नऊ नंबरपासून सुरुवात करू कारण मला वाटतं सगळं त्याच्याभोवतीच फिरतंय. निम्म्याहून जास्त गोल एकट्याचे. ते गोल कसे झाले ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी अंदाज करतो आणि चुकत असेन तर तुम्हाला कळेलच: मागून लांब बॉल, हा पळत सुटतो, स्टॉपरला, म्हणजे समोरच्या बचावपटूला, खांद्यावर घेतो आणि गोल. शहरात हे चाललं कारण त्याच्या वयाच्या पोरांत तो एकटाच बाप्या दिसतो. विभागीयला समोर अजून चार-पाच तसेच दांडगे आले आणि ३-० झालं. हे त्याचं अपयश नाही, तो फक्त लवकर वाढला. चौदा-पंधराव्या वर्षी एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो, एकाला मिशी फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजसुद्धा फुटलेला नसतो. पुढच्या दीड-दोन वर्षांत बाकीची पोरं त्याच्या उंचीला येणार आणि तोपर्यंत जर त्यानं फक्त अंगाच्या जोरावर खेळायचं शिकलं असेल तर सतरा-अठराव्या वर्षी त्याच्याकडं काहीच उरणार नाही. लहानपणी गाजलेले आणि नंतर कुठंच न दिसलेले स्ट्रायकर तुमच्याही बघण्यात असतील, त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच झालेलं असतं.

म्हणून एक काम करा. शाळेच्या रजिस्टरवरून सगळ्या पोरांच्या जन्मतारखा एका कागदावर उतरवा, ट्रायलला येऊन बाद झालेल्यांच्या पण. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला पोरगा नोव्हेंबर-डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठा असून एकाच गटात खेळतो. जगभर ज्युनियर टीम बघितल्या की वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली पोरं जास्त निवडलेली दिसतात, यावर भरपूर अभ्यास झालेला आहे आणि तो पोरांच्या गुणांचा नाही तर आपल्या डोळ्यांचा दोष आहे, आपण मोठं पोरगं बघतो आणि त्याला चांगलं पोरगं समजतो. तुमच्या बेंचवर किंवा बाद झालेल्यांच्यात एखादं बारकं, डिसेंबरचं पोरगं असेल ज्याचा पहिला टच मऊ आहे, बॉल यायच्या आधी मान वळवून मागं बघतं, पण धक्का लागला की पडतं. ते पोरगं शोधा सर. फ्रान्सच्या नगोलो कान्तेला लहानपणी बुटका म्हणून अकॅडम्यांनी घेतलं नव्हतं, त्याच माणसानं २०१६ मध्ये लेस्टरकडून, २०१७ मध्ये चेल्सीकडून प्रीमियर लीग जिंकली आणि २०१८ ला फ्रान्सकडून वर्ल्ड कप. आपला सुनील छेत्री तरी कुठं ताडमाड आहे, देशासाठी नव्वदच्या वर गोल आहेत त्याचे.

प्रॅक्टिसमध्ये काय करायचं म्हणाल तर नऊ नंबरला आठवड्यातून एकदा अकरावी-बारावीच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या पोरांत खेळवा, जिथं त्याची ताकद चालणार नाही आणि त्याला पाठ गोलकडं करून बॉल घ्यावा लागेल, डाव्या पायानं द्यावा लागेल, जागा शोधावी लागेल. आणि बारक्या पोरांना कधी कधी सातवी-आठवीत खेळवा म्हणजे त्यांना बॉल घेऊन पुढं जायची, मॅच आपल्या हातात घ्यायची सवय लागेल. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या अकॅडम्याही अधूनमधून हेच करतात, वयाऐवजी शरीराची वाढ बघून गट पाडतात, त्याला काही मशीन लागत नाही, दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून उंची मोजली आणि वहीत लिहिली तरी तुम्हाला कोण कधी वाढतंय ते दिसायला लागेल. लहान गेम जास्त घ्या, चारास चार, पाचास पाच, अर्ध्या ग्राउंडवर. गोलीनं लाथ मारून बॉल पुढं टाकायचा नाही, जवळच्याला द्यायचा, एवढा एक नियम लावा. पहिले दोन महिने फ्रेंडली मॅच हराल, गोल खाल, हेडसर विचारतील हे काय चाललंय. सांगा त्यांना, विभागीयला ३-० ज्यामुळं हरलो तेच दुरुस्त करतोय.

याच्यात एक छोटी गोष्ट. पोरगा एवढा दांडगा म्हटल्यावर समोरची टीम कधीतरी वयाची तक्रार करणारच. जन्माच्या दाखल्याची मूळ प्रत, पहिलीच्या प्रवेशाची नोंद, सगळं फाईलला ठेवा. वरच्या लेव्हलला मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, त्याची पोराला आधीच कल्पना द्या म्हणजे ऐनवेळी तो घाबरणार नाही. कागदपत्रं खरी असतील तर भ्यायचं कारण नाही आणि टीममधल्या कुणाची खरी नसतील तर त्या पोराला त्या गटात उतरवूच नका, मग कप गेला तरी चालेल.

आता गुडघा. सर, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली ओळ हीच आहे, की तो सांगत नाही, आईनं सांगितलं. तो का सांगत नाही ते उघड आहे, सांगितलं तर बसवतील आणि तालीम दुसऱ्याला विचारेल. तुम्ही त्याला एकट्याला घ्या, चारचौघांत नको, आणि नेमकं कुठं दुखतं ते बोटानं दाखवायला सांगा. वाटीच्या खाली दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाचा उंचवटा असतो, तिथंच दाबल्यावर कळ येत असेल, जिना चढताना, उडी मारल्यावर, किक मारल्यावर दुखत असेल आणि जरा टेंगूळ आल्यासारखं दिसत असेल तर बहुतेक ते वाढीच्या वयातलं दुखणं असेल, डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू त्या वेगानं लांबत नाही आणि तो जिथं हाडाला चिकटलेला असतो ती जागा अजून कच्ची असते, तिथं रोज ओढ बसते. भराभर उंच होणाऱ्या आणि भरपूर खेळणाऱ्या पोरांत हे बऱ्याचदा दिसतं, बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं. पण थांबेपर्यंत लोड कमी करावा लागतो. खेळ पूर्ण बंद करायची गरज बहुतेक वेळा नसते पण दुखणं घेऊन रोज दोन वेळा खेळणं, गोळी खाऊन मॅच काढणं, आणि कुणीतरी ओळखीच्यानं सांगितलं म्हणून गुडघ्यात इंजेक्शन मारून घेणं, यातलं काहीही होऊ देऊ नका. हाडांच्या डॉक्टरला एकदा दाखवाच, कारण मी इथून लिहून निदान करू शकत नाही आणि रात्री झोपेत दुखत असेल, गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा लंगडत असेल तर उद्याच दाखवा.

बाकीच्या टीमसाठी फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, नेटवर फुकट मिळतो, व्हिडिओ पण आहेत. वीस मिनिटं लागतात, हळू पळणं, प्लँक, मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम, एका पायावर तोल, उड्या मारून नीट खाली येणं असं सगळं आहे त्यात. आठवड्यातून दोन-तीनदा नीट केला तर दुखापती बऱ्यापैकी कमी होतात हे अनेक देशांतल्या टीम्सवर तपासून बघितलेलं आहे. आपल्याकडं ग्राउंडला दोन चकरा आणि हात-पाय झटकले की वॉर्मअप झाला असं चालतं, तेवढ्यावर या वयाची पोरं कडक जमिनीवर खेळवू नका. आणि जमलं तर वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांचा एक साधा मेडिकल चेकअप करून घ्या, हृदयाचा ईसीजी धरून. अन्वर अली तुम्हाला माहितीच असेल, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या भारताच्या टीममधला, २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष सापडला, खेळ थांबला, मोठ्या लढ्यानंतर परत आला आणि देशासाठी खेळला. हे वेळेत कळलं नसतं तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

तालमीचं. मी तालीम फुटबॉलच्या विरोधात मुळीच नाही, कोल्हापुरात फुटबॉल जिवंत आहे तो तालमींमुळं, सरकारमुळं नाही का कुठल्या कंपनीमुळं नाही. त्या पोराला त्या जर्सीत शाहू स्टेडियमवर उतरायचं असणार, त्याचे काका-मामा तिथंच गॅलरीत बसत असणार, हे स्वप्न त्याच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण पंधराव्या वर्षी सिनियर मॅच नको. समोर पंचवीस-तीस वर्षांचे बाप्ये असतात, बाहेरून आणलेले तगडे खेळाडू असतात, टॅकल त्या हिशोबानं येतात, आणि गॅलरीतून जे काय ओरडलं जातं ते पंधरा वर्षांच्या पोरानं स्वतःवर ऐकायचं वय नाही. तुम्ही स्वतः तालमीच्या मंडळींना भेटा, भांडायला नाही तर मागणं मागायला. सांगा की पोरगं तुमचंच आहे, दोन वर्षं ज्युनियर पोरांत ठेवा, सरावाला येऊ दे, सिनियर खेळाडूंबरोबर उठू-बसू दे, आणि गुडघ्याचं पण मोकळेपणानं सांगा. जुने खेळाडू असतात तिथं, गुडघे घालवून बसलेले, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. सही कुठल्याही फॉर्मवर करायची तर आई-वडील आणि तुम्ही वाचल्याशिवाय नाही.

आणि तास मोजा. शाळा, तालीम, सुट्टीतली टुर्नामेंट, पेठेतली सेव्हन-अ-साइड, हे सगळं मिळून आठवड्याला किती तास होतात ते पोराला लिहायला लावा. साधारण हिशोब असा धरतात की आठवड्याचे तास पोराच्या वयापेक्षा जास्त होता कामा नयेत, म्हणजे पंधरा वर्षांच्याला पंधरा तासांच्या आत, आणि आठवड्यात एक दिवस तरी पूर्ण सुट्टी. मला खात्री आहे तुमच्या टीममधली तीन-चार पोरं याच्या वर असतील.

आता तो स्पेनचा फोन. हे उत्तर त्या वडलांना जसंच्या तसं वाचून दाखवा. दादा, कर्ज काढू नका. फिफाचा नियमच आहे की १८ वर्षांच्या आतल्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत, आई-वडील खेळ सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले, युरोपच्या आतल्या आत सोळाच्या वरचे, सीमेलगत राहणारे वगैरे, आणि कोल्हापूरचं पोरगं त्यातल्या कशातच बसत नाही. म्हणजे समजा तुमच्या पोरानं तिथं जाऊन ट्रायलमध्ये जीव तोडून खेळ केला आणि क्लबला तो आवडला, तरी क्लब त्याला आत्ता घेऊच शकत नाही. मग साडेतीन लाख कशाचे? विमानाचे, हॉटेलचे, एखाद्या क्लबच्या ग्राउंडवर भाड्यानं घेतलेल्या कॅम्पचे आणि एका सर्टिफिकेटचे. ते सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यापलीकडं कुठं चालत नाही. फोन करणाऱ्याला विचारा, फिफाचं एजंट लायसन्स आहे का, असेल तर नंबर द्या, फिफाच्या वेबसाइटवर लायसन्सवाल्या एजंटांची यादी असते तिथं बघून घेता येतं. अल्पवयीन पोराशी बोलायचं तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्यावी लागते हेही त्या नियमात आहे. आणि पैसे आजच भरा, दोनच जागा उरल्यात असं तो म्हणाला असेल तर तिथंच फोन ठेवा.

पोरात खरंच दम असेल तर आपल्या देशात दारं आहेत आणि त्यातली चांगली दारं घर विकायला लावत नाहीत. नवी मुंबईत घणसोलीची रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकॅडमी, जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकॅडमी स्कॉलरशिपवर पोरं घेतात. पुण्यात बालेवाडीला राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे, राहणं-खाणं-शाळा-सराव सगळं तिथंच. अनिकेत जाधव त्याच वाटेनं गेला, रिक्षावाल्याचं पोरगं, कोल्हापुरातून लहानपणीच पुण्याला प्रबोधिनीत, आणि २०१७ ला भारताकडून १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला. ट्रायल कधी, वयाची अट काय, ते दर वर्षी बघावं लागतं, हे काम मात्र तुम्ही अंगावर घ्या सर, आई-वडलांना ते जमत नाही आणि म्हणूनच ते फोनवाल्याच्या हाती लागतात.

त्याच २०१७ च्या टीमकडं बघितलं की दहावीचं पण उत्तर मिळतं. २१ पोरं होती, सगळ्या देशातून वर्षानुवर्षं शोधून निवडलेली. त्यातले जिक्सन सिंग, सुरेश वांगजम, अन्वर अली असे काही जण सिनियर टीमपर्यंत पोचले, जिक्सननं तर कोलंबियाविरुद्ध भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल मारला होता. पण सगळे नाही पोचले, आणि हे देशातले सर्वोत्तम २१ होते. जे पोचतात त्यांचंही पोट कायमचं सुरक्षित नसतं, २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा, हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, करारांचा घोळ झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. म्हणून शाळा सोडून फुटबॉल हा सौदा मी कुठल्याच पोराला करू देणार नाही. पण दहावी आली म्हणून खेळ पूर्ण बंद, हेही तितकंच चुकीचं आहे. पंधराव्या वर्षी एक वर्ष बॉलला पाय लावला नाही तर ते वर्ष भरून निघत नाही, आणि खेळ बंद केलेलं पोरगं तो सगळा वेळ अभ्यास करतं असं मी तरी कुठं बघितलं नाही, मोबाईल असतोच हातात.

त्या तीन घरांना शाळेत बोलवू नका, तुम्ही त्यांच्या घरी जा. आईशी बोला, बहुतेक घरात हा निर्णय आई घेते आणि तिला कुणी विचारत नाही. टाइमटेबल कागदावर लिहून घेऊन जा, आठवड्यात तीन दिवस सकाळी सव्वा तास प्रॅक्टिस, डिसेंबरनंतर दोन दिवस, बोर्डाच्या आधी महिनाभर फक्त हलका व्यायाम. गणित-इंग्रजीत कच्चं असेल तर शाळेतल्या शिक्षकांना विनंती करून प्रॅक्टिसनंतर टीमचाच एक तास लावा, सगळी पोरं एकत्र बसली की बसतात. स्पर्धेत खेळलेल्या पोरांना दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, त्यासाठी प्रस्ताव शाळेकडूनच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेत जावा लागतो, ते तुम्ही करणार असाल तर आईला तसं स्पष्ट सांगा, पण कुठल्या लेव्हलला किती गुण ते कार्यालयातून लेखी घेऊनच सांगा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हेही ती ऐकून असेल, पण शहर-जिल्ह्याच्या सर्टिफिकेटवर ते मिळत नाही, वरच्या लेव्हलची कामगिरी लागते आणि सर्टिफिकेटची पडताळणी होते. तिला खोटी आशा दाखवून पोरगं टीममध्ये ठेवू नका. एक सहामाहीपर्यंतची मुदत मागा, मार्क घसरले तर तुम्ही स्वतः त्याला बसवाल असा शब्द द्या आणि तो पाळा.

बेंचवरच्या पोरांबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही. फायनलला एक मिनिटही न खेळलेली दोन-तीन पोरं असतीलच. कपाबरोबरच्या फोटोत ती कडेला उभी असतील. या आठवड्यात त्यांना जवळ बोलवा आणि पुढच्या वर्षी कुठल्या जागेसाठी तयार करताय, काय कमी पडतंय, ते एकेकाला नाव घेऊन सांगा. दुसरा गोली तर आजपासूनच तयार करा, ज्यानं दोन पेनल्टी अडवल्या त्याचं बोट उद्या मोडलं तर तुमच्याकडं कोण आहे?

राहिला सत्कार. पेठ प्रेमानं करतेय, करू द्या, नाही म्हणू नका, पोरांना एक संध्याकाळ मिरवू दे, त्यांनी ती कमावलीय. फक्त वर्गणी काढणाऱ्या मंडळींपैकी जो कुणी शहाणा असेल त्याला आधी गाठा आणि सांगा की हार-नारळ आणि एक साधा फ्लेक्स एवढ्यावर कार्यक्रम होऊ दे, डीजेचे पैसे टीमला द्या. त्यातून पाच नंबरचे चांगले बॉल घ्या, हातमोज्यांचे दोन जोड, कोन आणि बिब्स, आणि ज्या पोरांचे बूट फाटलेत त्यांना बूट, पण ते बूट स्टेजवर वाटू नका, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला गुपचूप द्या. पैसे उरले तर त्या नऊ नंबरची डॉक्टरची फी आणि फिजिओची फी त्यातूनच भरा. आणि सुब्रतो कपला १७ वर्षांखालच्या मुलींचा पण गट असतो, तुमच्या शाळेत मुलींची टीम नसेल तर चार बॉल त्यांच्यासाठी वेगळे काढून ठेवा, जूनमध्ये शाळा सुरू झाली की फळ्यावर नोटीस लावा आणि किती जणी येतात ते मला कळवा.